लॅपटॉप सुरू होत नसल्यास: सर्व कुटुंबीयांसाठी मार्गदर्शिका

लॅपटॉप कधीही बंद पडतो, हा गैरसमज आहे. तो मुहूर्त पाहून बंद पडतो. रविवारी दुपारी घरात कुणालाच त्याची गरज नसते, तेव्हा तो पहिल्या दाबाला सुरू होतो. अकरावी प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची शेवटची रात्र, विवरणपत्राची ३१ जुलै, सोसायटीच्या वार्षिक सभेचा आदला दिवस, हे त्याचे राखीव मुहूर्त. अशा प्रसंगी कुटुंबाने गडबडून न जाता काय करावे, यासाठी ही मार्गदर्शिका तयार केली आहे. ती छापून भिंतीवर लावावी. लॅपटॉपमध्ये साठवून ठेवू नये.

१. आरोपी निश्चित करणे

यंत्राला हात लावण्यापूर्वी दोष कुणाचा, हे ठरवून घ्यावे. 'शेवटचा कुणी वापरला?' हा या चौकशीतला पहिला आणि बहुधा एकमेव प्रश्न. घरात मूल असल्यास चौकशी लवकर आटोपते. 'काहीतरी डाउनलोड केलं असशील' हे कलम लावावे. आरोपी सहावीत असो की पीएचडी करत असो, कलम बदलत नाही.

तेवढ्यात सल्लागार मंडळ आपोआप जमते. आई म्हणते, पिन नीट बसली नसेल. आजोबा म्हणतात, तापला असेल, जरा पडू दे. शेजारचा मेकॅनिकल इंजिनिअर म्हणतो, रॅम काढून पुसा. काका नाशिकहून फोनवर सांगतात, फॉरमॅट मारून टाका. या मंडळाला हसू नये. चारही सल्ले खरे आहेत. घोळ आहे तो क्रमाचा. ज्याचा आवाज मोठा, त्याचा सल्ला आधी अमलात येतो आणि आवाज काकांचा मोठा असतो. म्हणून पुढील कलमांत तेच सल्ले रांगेत उभे केले आहेत.

२. आईचा सल्ला: पिन

भिंतीवरच्या ज्या सॉकेटवर विश्वास आहे, त्यात मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहावे. एक्स्टेन्शन बोर्डाचे स्वतःचे एक बटण असते आणि ते पायाने बंद होते, हे लक्षात ठेवावे. या टप्प्यावर प्रकरण मिटल्यास जमलेल्या मंडळींना कारण सांगू नये. 'सेटिंगमध्ये होतं' एवढेच म्हणावे.

वीज येत असेल तर लॅपटॉपच्या कडेचा चार्जिंगचा दिवा पाहावा. पिन हलवल्यावर तो लागतो-विझतो, तर जॅक सैल झाला आहे किंवा वायर आतून तुटली आहे. टाइप-सी चार्जर असल्यास जास्त काळजी घ्यावी. मोबाइलचा चार्जरही त्याच भोकात बसतो, पण लॅपटॉपला साधारण ४५ किंवा ६५ वॅट लागतात आणि मोबाइलचा छोटा चार्जर १८-२० वॅटवर दमतो. पिन बसली म्हणून स्थळ जुळले असे होत नाही.

याच वेळी लॅपटॉप टेबलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवर पाहावा. टचपॅड एका बाजूने वर आला आहे, क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, तळाचे कव्हर फुगले आहे, असे काही दिसल्यास बॅटरी फुगली आहे. इथे विनोद थांबवावा. चार्जर काढावा, कव्हर दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये, टोचू नये आणि सरळ दुकान गाठावे.

३. आजोबांचा सल्ला: जरा पडू दे

सुरू न होणाऱ्या लॅपटॉपचे बटण पुन्हा पुन्हा दाबणे हा उपाय नसून जप आहे. त्याऐवजी चार्जर काढावा. पेनड्राइव्ह, माउस, मेमरी कार्ड, जे जे टोचलेले आहे ते सर्व उपटावे. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढावी. मग पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे. आतल्या मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो आणि अडकून बसलेले यंत्र पुष्कळदा भानावर येते. यानंतर फक्त चार्जर लावून पाहावे. तीस सेकंद म्हणजे तीस. सातव्या सेकंदाला 'काही होत नाही' म्हणून बोट उचलणाऱ्यांना या कलमाचा लाभ मिळणार नाही.

आजोबांच्याच वळणाच्या 'बंद करून चालू कर' या सल्ल्यालाही अडाणी समजू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकवले. ते सुरू व्हायला निघत आणि पुन्हा कोसळत. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. खात्रीचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एका फोल्डरातली ठरावीक फाइल काढून टाकण्याचा. पण मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांसाठी सांगितले होते की वारंवार रीस्टार्ट करून काहींना यश आले आहे, काही वेळा त्यासाठी १५ वेळापर्यंत रीस्टार्ट करावे लागते. ही माहिती आजोबांना देऊ नये. त्यानंतर ते कुणाचेच ऐकणार नाहीत.

४. ज्यावर घरात कुणाचेच मत नसते: दिवा, आवाज, मजकूर

लॅपटॉप आपली तक्रार स्वतः सांगत असतो, पण खोलीत एवढे लोक बोलत असतात की ती ऐकू येत नाही. सर्वांना बाहेर काढावे.

बटण दाबल्यावर एकही दिवा लागत नसेल, पंख्याचा आवाजही नसेल, तर प्रश्न विजेचा किंवा मदरबोर्डचा. पंखा फिरतो, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो, पण पडदा काळा, तर लॅपटॉप सुरू आहे, फक्त दिसत नाही. अंधारात पडद्यावर मोबाइलची बॅटरी मारावी. अंधुक चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडून पाहिल्यास आणखी खात्री पटते. हा प्रयोग मालिकेच्या वेळेत करू नये.

पिप-पिप आवाज येत असल्यास किंवा दिवा ठरावीक लयीत लुकलुकत असल्यास मोजावे: किती लांब, किती आखूड. ही कंपनीची सांकेतिक भाषा असते आणि प्रत्येक कंपनीची वेगळी. मॉडेलचे नाव टाकून शोधल्यास अर्थ सापडतो.

पडद्यावर मजकूर येत असेल तर तो वाचावा. या सूचनेला घराघरांतून तीव्र विरोध होतो. 'काहीतरी इंग्रजीत आलं आणि गेलं' ही साक्ष ग्राह्य धरली जाणार नाही. फोटो काढावा. 'नो बूटेबल डिव्हाइस' असे लिहिले असेल तर आधी पेनड्राइव्ह लागलेला राहिला आहे का ते पाहावे, कारण लॅपटॉप भाबडेपणाने त्यातच विंडोज शोधत बसतो. तसे नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन डिस्क दिसते का ते बघावे. तिथे तारीख काही वर्षे मागे गेलेली आढळली, तर बायोसला जागे ठेवणारा छोटा नाण्यासारखा सेल संपला असण्याची शक्यता आहे. आणि जुन्या हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक येत असेल तर तत्काळ बंद करावे. अशी डिस्क प्रत्येक वेळी चालू केल्यावर आणखी खराब होते.

५. शेजाऱ्याचा सल्ला: रॅम

काही लॅपटॉपची रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. तिथे हा सल्ला बाद. इतरांनी चार्जर काढून, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवून, मगच रॅमची पट्टी काढावी. तिच्या सोनेरी टोकांवर पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, कचरा ब्रशने झटकावा आणि पट्टी तिरकी घालून कट् असा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. कोट्यवधी ट्रान्झिस्टरांचे यंत्र खोडरबराने बरे होते, हे पटायला जड जाते, पण होते.

काढलेले स्क्रू कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून त्या-त्या जागी ठेवावेत. सगळे परत लावूनही दोन स्क्रू उरले, तर ते चांगल्या वाटीत ठेवू नयेत.

६. विंडोजचा स्वतःचा सल्ला

यंत्र ठीक आहे, कंपनीचे चिन्हही येते, पण पुढे गोल फिरत राहते किंवा उदास चेहऱ्याचा निळा पडदा येतो, तर दुखणे विंडोजचे. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनदा फसला की विंडोज पुढच्या खेपेला स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडते. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग नुकतेच आलेले अपडेट काढणे, मग सिस्टिम रिस्टोअर, मग सेफ मोड, असे पायरीपायरीने जावे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास यातली बरीच दारे उघडण्याआधी ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. त्या खात्याचा पासवर्ड बहुधा याच लॅपटॉपमध्ये असतो.

७. काकांचा सल्ला: फॉरमॅट

काकांचा सल्ला शेवटी ठेवला आहे, कारण त्यानंतर कुणाचाच सल्ला उपयोगी पडत नाही. फॉरमॅटने विंडोजचे दुखणे जाते हे खरे, पण सोबत घरातले लोकही जातात: लग्नाचे फोटो, प्रबंध, सोसायटीचे हिशेब. डिस्कच खराब असेल तर फॉरमॅट करूनही काही काळाने पुन्हा हेच. त्यामुळे काकांकडे जाण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप सुरू करावा आणि फाइली बाहेर काढाव्यात. बिटलॉकर असेल तर इथेही ती किल्ली लागतेच.

८. दुकानात

सर्व उपाय थकल्यावर लॅपटॉप दुकानात न्यावा. चार्जर न्यावा, काढलेला फोटो दाखवावा, आतापर्यंत काय काय केले ते खरे सांगावे. दुकानातला मुलगा वर न बघता पावतीवर 'नो डिस्प्ले' लिहितो आणि विचारतो, "डेटा पाहिजे का?"

इतका वेळ आरोपी, पिन, रॅम आणि काका यांवर बोलणारे कुटुंब इथे गप्प होते. हाच खरा पहिला प्रश्न होता. वरच्या प्रत्येक उपायाचा धोका याच्या उत्तरावर ठरतो. डेटाची प्रत दुसरीकडे असेल तर काकाही बरोबर. नसेल तर खोडरबर फिरवतानाही हात थरथरावा.

म्हणून शेवटची सूचना सर्वांत आधी अमलात आणावी. ज्यांचा लॅपटॉप आज सुरू झाला, त्यांनी आजच बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळ्याची प्रत काढावी आणि बिटलॉकरची किल्ली वहीत लिहून ठेवावी. एवढे केल्यास बाकीची सात कलमे वाचली नाहीत तरी चालेल.