खिळेबंदी

आमच्या मामांच्या नव्या घरात सगळं आहे, फक्त खिळा नाही. खिळा नाही म्हणून कॅलेंडर नाही, घड्याळ नाही, आजोबांचा फोटो नाही आणि ओली छत्री अडकवायला जागा नाही. वरळीच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली सोडून मामा ५०० चौरस फुटांत आले. ऑगस्ट २०२५मध्ये नव्या टॉवरच्या चाव्या ज्या पहिल्या ५५६ कुटुंबांना मिळाल्या, त्यांतलं एक मामांचं. मामांनी दार उघडलं, पांढऱ्याशुभ्र भिंतींवरून नजर फिरवली आणि नव्या वास्तूतलं पहिलं वाक्य उच्चारलं, "कुणी हात लावू नका." तो हुकूम अजून मागे घेतलेला नाही.

खरं तर खिळा हा मामांचा खास प्रांत. ती चाळ १९२०च्या दशकातली, सिमेंट-काँक्रीटची. साधा खिळा ठोकायला गेलं की खिळा वाकायचा आणि ठोकणाऱ्याचा अंगठा सुजायचा. मग मामांना हाक जायची. बेस्टच्या वर्कशॉपमधला हात! छिन्नीने बेताचं भोक, त्यात लाकडाचा गट्टू, गट्टूत खिळा. मजल्यावर कुणाच्या घरी बारसं असलं की पाळण्याच्या कड्या तपासायला बारशाच्या बायकांआधी मामा हजर. आणि त्यांची स्वतःची खोली? तिच्या भिंतींचा रंग मी लहानपणी कधी पाहिलाच नाही. दप्तरं, सूप, चाळण्या, शर्ट, दळणाचा डबा, गणपतीच्या आरतीची झांज, सगळं भिंतीवर. माणसं तेवढी जमिनीवर.

तेच मामा आता भिंतीपासून हातभर अंतर ठेवून चालतात. डोक्याचं तेल लागतं म्हणे. सोफ्याचं प्लॅस्टिक काढलेलं नाही. मे महिन्यात त्यावरून उठताना पाहुण्याची निम्मी कातडी सोफ्यावरच राहते, आणि तिचा डाग पडला का, हे मामा वाकून पाहतात. टीव्ही भिंतीवर लावायचा म्हणून आणला, तो खोक्यावर ठेवलाय. खोकं त्याचंच.

गृहप्रवेशाच्या दिवशी दूध उतू घालायचं होतं. मामांनी शेगडी परातीत ठेवली, परात वर्तमानपत्रांच्या गादीवर, आणि स्वतः फडकं घेऊन उभे राहिले. दूध वर येताच त्यांचा हात बटणाकडे गेला. मामी ओरडली, "अहो, उतू जाऊ द्या! त्यासाठीच ठेवलंय!" शेवटी दोन थेंब सांडले. लक्ष्मी आली, पण फडक्यात.

पुढची कुऱ्हाड तळणावर पडली. मालवणी घरात तळलेला बांगडा बंद म्हणजे काय, हे ज्याने त्याने समजून घ्यावं. तेलाचे कण उडतात, छत पिवळं पडतं, असं मामांचं म्हणणं. त्यामुळे रविवारी फक्त तिखलं. मामीला फारच तलफ आली तर ती मासे घेऊन भांडुपला बहिणीकडे जाते आणि तळून, खाऊन येते. घरी आल्यावर मामा पदराचा वास घेतात. संशय कसला, तर वास भिंतीला लागेल.

सगळ्यांत कमाल संडासाची. चाळीत तो मजल्याच्या टोकाला, सामायिक. डबा, रांग, आणि आत जास्त वेळ बसणाऱ्यासाठी ठेवणीतल्या शिव्या. नव्या घरात दोन आहेत. मामांनी चांगला होता तो पाहुण्यांसाठी राखून ठेवला आणि कडीला कुलूप घातलं. आता रोज सकाळी मामी, दोन्ही मुलं आणि आजी उरलेल्या दारासमोर रांगेत उभी असतात. धाकटा म्हणतो, "बाबा, चाळीत निदान रांगेत गप्पा मारायला शेजारी तरी होते."

मामांना सरसकट हसता येत नाही, हेही खरं. 'आता होणार, आता होणार' हे ऐकण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली. भूमिपूजन २०१७ साली झालं, त्याचा पेढा त्यांनी स्वतः वाटला आणि पुढे आठ वर्षं लोकांना उत्तरं देत बसले. घराची इतकी वाट पाहिल्यावर ते राहण्यासाठी असतं हे लक्षात राहायचं कसं?

आजीला मात्र हे मान्य नाही. गणपतीत मखराची झालर चिकटपट्टीने लावायची नाही (रंग निघतो), म्हणून दोन्ही नातवांनी ती दोन बाजूंनी हातात धरली आणि आरती झाली. तेव्हा आजी म्हणाली, "मेल्या, ह्या घर आसा काय देवाचो गाभारो?" मामांनी तिच्या हातातलं निरांजन भिंतीपासून थोडं दूर सरकवलं.

मध्यंतरी वरच्या मजल्यावरचे जुने शेजारी आले. चाळीत समोरच्याच खोलीत असायचे, लॉटरीत चार मजले वर गेले. नव्या भिंतीत ड्रिलचं पातं फिरतं, भोक काही पडत नाही, अशी तक्रार. "भाऊ, तुमच्याशिवाय कोण आहे?" म्हणाले.

मामांचा चेहरा उजळला. पलंगाखालची पेटी निघाली. छिन्नी, हातोडी, गट्टूंची पिशवी, ड्रिल. दहा मिनिटांत वरून घरघर सुरू झाली. एक भोक, दुसरं, तिसरं. मामी छताकडे बघत म्हणाली, "बघा, लोकांची भिंत कशी चाळणी करतायत." शेजाऱ्यांना एकच घड्याळ लावायचं होतं. मामांनी घड्याळ, आरसा, देवाचा फोटो, टॉवेलची दांडी, सगळं लावून दिलं आणि "पुढेमागे लागेल" म्हणून एक खिळा जास्तीचा ठोकला.

हे ऐकल्याबरोबर आजीने कपाटातलं कालनिर्णय काढलं आणि नातवाच्या हाती वर पाठवलं. आता दर संकष्टीला ती लिफ्टने चार मजले वर जाते, चंद्रोदयाची वेळ बघते, चहा घेते आणि खाली येते. परवा तिला सोडायला मीही वर गेलो होतो. त्याच खिळ्यावर, कॅलेंडरच्या मागे, मामांची छत्री लटकत होती.