आणखी काही घेता का?

डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर आमची आत्या न अडखळता देते. ‘आजी, या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का?’ ‘छे! काही नाही.’ हे सांगताना तिच्या मांडीवर खणाची एक पिशवी असते. पिशवीत अर्जुनसालीची पूड, ओव्याची डबी, होमिओपॅथीच्या दोन बाटल्या आणि सुपारीच्या डबीत ठेवलेल्या ज्येष्ठमधाच्या कांड्या असतात. तरी आत्या खोटं बोलत नसते. तिच्या लेखी औषध म्हणजे जे चिठ्ठी दाखवून आणावं लागतं, ज्याचं बिल फाटतं आणि जे घेताना तोंड वाकडं होतं ते किमतीमुळे. बाकीचं सगळं ‘घरचं’. घरचं माणूस बाधत नाही, तसं घरचं औषधही बाधत नाही, असा तिचा सिद्धान्त आहे. (चार जावांत संसार केलेल्या बाईने असा सिद्धान्त मांडावा याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.)

आत्या वाईची. वय सत्याहत्तर. गेल्या वर्षी रक्तदाबाचं निमित्त झालं आणि ती तपासण्यांसाठी पुण्यात आमच्याकडे आली. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली: रामिप्रिल, अडीच मिलिग्रॅम, रोज एक. आत्याने चिठ्ठी दोन्ही बाजूंनी पाहिली आणि विचारलं, ‘पथ्य काय?’

‘काही नाही. मीठ जरा कमी करा. बाकी सगळं खा.’

तिथेच त्या बिचाऱ्या डॉक्टरांची अर्धी पत गेली. ‘सगळं खा’ म्हणणारा डॉक्टर म्हणजे ‘कुठेही बसा’ म्हणणारा यजमान. वांगं नको, आंबट नको, रात्री दही नको, असं काही तरी सांगावं की नाही? ज्या औषधाला पथ्य नाही त्याला गुण कुठून येणार? रिक्षात बसल्या बसल्या आत्याने स्वतःच स्वतःला पथ्य लावून घेतलं आणि वांगं सोडलं. गोळी ‘उष्ण’ पडेल म्हणून सकाळी गुलकंद सुरू केला. आपल्याकडे ॲलोपॅथीची प्रत्येक गोळी उष्ण असते. तापावरची सुद्धा.

‘ॲलोपॅथी’ या शब्दाचीही गंमत आहे. आपण तो मोठ्या आदराने वापरतो, पण तो काढला होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांनी, आणि काढला तो नावं ठेवायलाच. विरोधकांना ठेवलेलं ते टोपणनाव. पुढे विरोधकांची भरभराट झाली आणि टोपणनावाचंच आडनाव झालं. आत्याच्या पिशवीतल्या त्या दोन बाटल्या याच हानेमानांच्या पंथातल्या. साबुदाण्याएवढ्या चार गोळ्या, हात न लावता, झाकणातून थेट जिभेवर. वर कांदा, लसूण, कॉफी वर्ज्य. आत्याला होमिओपॅथी आवडते ती तिच्यात पथ्य आहे म्हणून, असा मला दाट संशय आहे.

तर रामिप्रिल सुरू झालं आणि तीन आठवड्यांनी आत्याला खोकला लागला. कोरडा. कफ नाही, ताप नाही, नुसतं ढास लागणं. रात्री दीड वाजता सुरू व्हायचा आणि सगळं घर जागं करून आत्या शांत झोपी जायची. ‘पुण्याची हवा,’ तिने निदान केलं आणि सुपारीच्या डबीतून ज्येष्ठमधाची बोटभर कांडी काढून गालात धरली. तिने आराम पडायचा, म्हणून दिवसाला एक, मग दोन, मग तीन. शिवाय रात्री कांडी ठेचून काढा. घसा मऊ राहतो, गोड लागतं, आणि हे तर घरचंच.

महिन्याने रक्तदाब मोजला तर वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळी चुकवता का?’ ‘एक दिवस नाही चुकवली.’ ‘आणखी काही घेता का?’ ‘छे!’ गोळी अडीचची पाच झाली. खोकला होताच, पण ‘खोकल्याचं कशाला सांगायचं, हे हृदयाचे डॉक्टर’ असं आत्याचं मत. आपल्या माणसांत डॉक्टरांची खाती वाटलेली असतात, महसूलची तक्रार कुणी पाटबंधारे खात्यात नेत नाही. पुढच्या वेळी दाब आणखी वाढलेला. पाचाची गोळी दहाची झाली. आता पायांवरही सूज दिसायला लागली आणि मांड्यांतून त्राण गेल्यासारखं व्हायला लागलं. आत्या म्हणाली, ‘बघ, उष्ण पडलं.’

माझ्या हातून मात्र एक बरी गोष्ट घडली, तीही आळसापोटी. मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा तीन तास बसायचा कंटाळा आला म्हणून मी आत्याला आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. हे गृहस्थ पस्तीस वर्षं आमचं घर सांभाळतायत. पाटीवर बी.ए.एम.एस., भिंतीवर धन्वंतरी, गळ्यात स्टेथोस्कोप. तापाला पॅरासिटामॉल देतात आणि सोबत सितोपलादीची पुडी, मधातून. एकाच चिठ्ठीवर दोन पंथ नांदतात आणि कुणाचं कुणाशी भांडण नसतं. आयुर्वेदाच्या पदवीवर इंग्रजी औषधं द्यावीत की नाही, होमिओपॅथांना एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ती परवानगी असावी की नाही, यावर आपल्या राज्यात मोर्चे निघतात, संप होतात, कोर्टात तारखा पडतात. त्या वादात पडायची माझी पात्रता नाही. मला एवढंच दिसलं की या माणसाला दोन्ही भाषा येत होत्या.

त्यांनी आधी रिपोर्ट पाहिले. पोटॅशियमच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं. ३.१. ‘या गोळीने पोटॅशियम झालं तर थोडं वाढतं,’ ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ‘कमी कसं झालं?’ एवढ्यात आत्याला ढास लागली. ढास संपेपर्यंत ते थांबले. आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो सहा महिन्यांत कुणीच विचारला नव्हता. ‘आणखी काही घेता का’ असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘आत्या, तोंडात काय आहे?’

आत्याने गालातली कांडी जिभेने दुसऱ्या गालात सरकवली. चोरी पकडल्यावर शाळकरी पोरं करतात तसं.

‘पिशवी रिकामी करा बघू.’

टेबलावर संसार मांडला गेला. अर्जुनसाल त्यांनी एकीकडे सरकवली, तुपात तळलेल्या लसणाच्या पाकळ्यांची डबी उघडून ‘वा!’ म्हणाले, पण रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू झाली तर या विचारून घ्यायच्या, असंही सांगितलं. होमिओपॅथीच्या बाटल्या वाचून न वाचल्यासारख्या परत ठेवल्या. सुपारीची डबी मात्र हातातच राहिली.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर एक गोल काढला. रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी साधारण दहातल्या एखाद्याला कोरडा खोकला येतो. तो एखादा म्हणजे आत्या. खोकल्याला ज्येष्ठमध. ज्येष्ठमधाने घसा खरंच निवतो, पण त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठपाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं. म्हणजे पायांना सूज, मांड्यांत अशक्तपणा आणि रक्तदाब वर. दाब वर गेला म्हणून गोळी दुप्पट. गोळीमुळे खोकला चालूच. खोकल्याला आणखी ज्येष्ठमध. पेन फिरत फिरत जिथून निघालं तिथे येऊन पोचलं. वटपौर्णिमेला वडाला इतके फेरे आत्याने कधी घातले नसतील.

‘म्हणजे ज्येष्ठमध वाईट?’ आत्याचा चेहरा उतरला होता. गोळी वाईट निघाली असती तर तिला चाललं असतं.

‘ज्येष्ठमध चांगलंच आहे. औषध आहे ते. औषध आहे म्हणून तर हे झालं. गवत चघळलं असतं तर काही झालं नसतं.’

हे मला घरी येईपर्यंत पुरलं. आपण घरच्या औषधाचा मोठेपणा सांगताना त्यात गुण आहे म्हणतो आणि त्याच दमात म्हणतो, त्याने काही होत नाही. एक तर गुण तरी असेल किंवा निरुपद्रवीपणा तरी. आत्याला दोन्ही हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. २०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका असा काढा सुचवला. त्यांनी दिवसातून एकदा-दोनदा म्हटलं होतं, मी चार वेळा ढोसला, मिरी दुप्पट घालून. आठवड्याभरात छातीत अशी जळजळ सुरू झाली की काढ्यावर अँटासिड आणि अँटासिडवर काढा असा माझा मिश्र उपचार महिनाभर चालला. तेव्हा माझा हात आत्याच्या डबीवर उगारला जाणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी आत्याने मुद्दा पुन्हा काढला. ‘पण ती गोळी केमिकल ना रे?’

मी मोबाइलवर वाचून सांगितलं की रामिप्रिलच्या घराण्यातल्या गोळ्यांचा धागा ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात सापडला. तो साप चावला की माणसाचा रक्तदाब धाडकन कोसळतो. त्याचा अभ्यास करता करता कॅप्टोप्रिल नावाची पहिली गोळी तयार झाली आणि १९८१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. रामिप्रिल तिचं धाकटं भावंड.

‘अगं बाई! सापाचं विष दिलं मला सहा महिने?’

‘विष नव्हे गं, विषावरून सुचलेलं.’

तिला धीर यावा म्हणून मी दुसरा साप काढला. सर्पगंधा. ही मुळी आपल्या वैद्यांची जुनीच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात निबंध छापला. जगभर त्या मुळीचा बोलबाला झाला. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं आणि तिची गोळी झाली. पुढे लक्षात आलं की तिने काहींची मनं फार उदास होतात. मुळी आपली, गोळी त्यांची, उदासी मात्र समान वाटणीने.

‘मग हळदीचं काय?’ आत्याने हुकमाचं पान टाकलं. हळदीने जखम भरते या शोधाचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं आणि माशेलकरांच्या सीएसआयआरने भांडून ते १९९७ साली रद्द करवलं, तेव्हापासून हळदीबाबत आत्या कुणाचं ऐकून घेत नाही. हळदीला कुणी हात लावलेला नाही, असं सांगितल्यावर ती जेवायला उठली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. दोघं पाचच मिनिटं बोलले. गोळी बदलली, दुसऱ्या जातीची आली, ज्येष्ठमध बंद झालं. तीन आठवड्यांत खोकला गेला, सूज उतरली, पोटॅशियम चारावर आलं. घर रात्री झोपायला लागलं. आत्याला तेवढं चुकल्याचुकल्यासारखं वाटे, ती मोकळ्या गालाने रात्री दीड वाजता उठून पाणी पिऊन यायची.

पुढच्या तपासणीला जाताना तिने वहीचा एक कागद सोबत घेतला. आदल्या दिवशी दुपारभर बसून, चष्मा लावून, ठळक अक्षरात लिहिलेला. हृदयाच्या डॉक्टरांनी सवयीने विचारलं, ‘आजी, आणखी काही घेता का?’ आत्याने कागद पुढे केला.

डॉक्टर तरुण आहेत, पण माणूस चांगला. त्यांनी कागद हसण्यावारी नेला नाही. एकेक नाव वाचत कॉम्प्युटरमध्ये भरायला लागले. अर्जुनसाल, अर्धा चमचा. लसूण, दोन पाकळ्या. ओवा, जेवणानंतर. गुलकंद. हळद-दूध, झोपताना. शेवटच्या ओळीवर त्यांची बोटं अडखळली.

‘गावच्या देवीचा अंगारा,’ त्यांनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. ‘हा... दिवसातून किती वेळा?’

‘एकदाच,’ आत्या म्हणाली. ‘अंघोळ झाल्यावर. उपाशीपोटी.’

त्यांनी तेही टाइप केलं.