चालू घडामोडी, 2011 च्या

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत चालू घडामोडींचं मासिक उघडा. पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या पानावर लोकसंख्या 121 कोटी, लिंगगुणोत्तर 943 हे आकडे ठाण मांडून बसलेले असतात. आकडे 2011 च्या जनगणनेचे. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर आता स्वतःच परीक्षार्थी झालं. घडामोड मात्र ‘चालू’च. 2021 ची जनगणना आधी करोनामुळे लांबली, नंतर नुसतीच लांबली. जून 2025 मध्ये अधिसूचना निघाली, संदर्भ तारीख ठरली 1 मार्च 2027. मुलांनी तीही पाठ केली. 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती, महिलांना लोकसभा-विधानसभांत एक तृतीयांश जागा, हेही पाठ. पण त्या दुरुस्तीनेच आरक्षण पुढच्या जनगणनेला आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलं, म्हणजे एक तारीख सरकली की दुसरीही सरकते, हा धागा दोन पानांच्या मधल्या शिवणीत हरवतो.

लाखो उमेदवारांना चाळायचं तर आकडेच विचारावे लागणार, असं यावर म्हणतात. मान्य, उत्तरपत्रिकेतले गोल रंगवून निबंध लिहिता येत नाही. पण विधान-कारण छापाचे प्रश्न त्याच गोलांत बसतात, आणि केंद्रीय लोकसेवा आयोग ते विचारतोही. मुख्य परीक्षेत विश्लेषण असतंच की! असतं, त्याच्याही तयार नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. उद्या हीच मुलं जिल्ह्याच्या खुर्चीत बसतील, तेव्हा आकडा तोंडपाठ असेल, पण त्याला जोडलेला धागा हातात नसेल. अन्नसुरक्षा कायद्याखाली किती जणांना धान्य द्यायचं, हा हिशेबही 2011 च्याच डोक्यांवर मांडलेला आहे.