काम काढलेला माणूस

घराचं काम काढलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. खिशात मेजरिंग टेप, चपलांवर पांढरी धूळ आणि तोंडी मिस्त्रीचं नाव. तुमच्याकडे चहाला आला तर तो कपाकडे बघत नाही, फरशीच्या सांध्यांकडे बघतो. "स्पेसर घातलेत का? किती एमएमचे?" तुम्हाला अर्थातच ठाऊक नसतं. मग तो ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने पूर्वी लोक नापास मुलांच्या वडिलांकडे बघत.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले काका हा या जातीचा अस्सल नमुना. बँकेतून निवृत्त, फ्लॅट ऐंशीच्या दशकातला. दिवाणखान्यात मोझॅकच्या फरश्या, स्वयंपाकघरात कडप्प्याची मांडणी, मोरीला शहाबादी. सगळं ठीक चाललं होतं. मग खालच्यांच्या छताला ओल आली. बाथरूम काढणं भाग पडलं आणि काकांच्या तोंडून ते वाक्य निघालं, ज्याने पुण्यातल्या निम्म्या मुदत ठेवी मोडल्या असतील: "आता काढलंच आहे, तर..."

या 'तर'च्या पुढे आर्किटेक्ट येतो.

हा आर्किटेक्ट तिशीतला. लिननचा शर्ट, गोल काळा चष्मा, हातात रोल केलेला ट्रेसिंग पेपर. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, "काका, या घरात आल्यावर तुम्हाला काय वाटायला हवं?"

"पाय पसरून बसता यायला हवं," काका म्हणाले आणि त्यांनी फाइल उघडली. फाइलीत आलेख कागदावर पूर्ण घर काढलेलं होतं. एक चौकोन म्हणजे एक फूट. पलंग, कपाट, फ्रिज, फ्रिजचं दार उघडल्यावर कुठपर्यंत येतं त्याची तुटक रेघ. "डिझाइन तयारच आहे," काका म्हणाले. "तुम्ही फक्त व्यवस्थित काढून द्या."

इथे थोडी कायद्याची बाजू सांगतो. आर्किटेक्ट व्हायला पाच वर्षांची पदवी लागते आणि १९७२च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, की हा कायदा नावाला संरक्षण देतो, कामाला नाही. म्हणजे 'आर्किटेक्ट' अशी पाटी लावायला नोंदणी हवी, घराचा आराखडा करायला कुणीही मोकळा. काकांनी हा निकाल वाचलेला नव्हता, पण ते आयुष्यभर त्याच्या बरहुकूम वागत आले होते.

फी एकूण खर्चाच्या टक्केवारीत, हे कळल्यावर काकांमधला बँकवाला ताठ झाला. "म्हणजे मी महाग फरशी घेतली की यांचे पैसे वाढणार, आणि फरशी सुचवणार हेच! आमच्याकडे असं कर्ज कुणी मंजूर केलं असतं तर दुसऱ्या दिवशी ऑडिट लागलं असतं." आर्किटेक्टने समजावलं, की स्वस्त फरशी निवडायलाही तेवढाच वेळ जातो. काकांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून प्रत्येक सूचनेच्या पुढे पेन्सिलीने टक्के लिहायला सुरुवात केली.

पहिली ठिणगी पडली ती मोझॅकवर. माझी समजूत अशी, की आर्किटेक्ट सगळं तोडायला सांगतात आणि घरमालक जुन्याला कवटाळून बसतात. इथे उलटंच. आर्किटेक्ट गुडघ्यावर बसून फरशीवर हात फिरवत म्हणाला, "ही नुसती पॉलिश करू. असं काम आता होत नाही." काका अवाक झाले. पस्तीस वर्षं तेच ठिपके बघून ते कंटाळले होते. त्यांना चार बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड हवी होती, भाच्याकडे आहे तशी. जुन्या पितळी घंगाळात आर्किटेक्टला कुंडी दिसत होती, माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत सेंटर टेबल. काकांना दोन्हींमध्ये फक्त भंगारवाला दिसत होता. भांडणाचं मूळ मला तेव्हा कळलं. काकांना जुन्याच घरात नव्या वस्तू हव्या होत्या, आर्किटेक्टला नव्या घरात जुन्या वस्तू. (हा आर्किटेक्ट स्वतः भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिथे चकचकीत व्हिट्रिफाइड आहे.)

पण खरी लढाई मोरीची. आराखड्यात मोरीच नव्हती. तिच्या जागी दोन कप्प्यांचं स्टीलचं सिंक आणि शेजारी उंच स्टुलांचा 'ब्रेकफास्ट काउंटर'. आतापर्यंत काकू गप्प होत्या. पहिल्या भेटीत त्या आर्किटेक्टला 'अहो' म्हणत. आराखडा बघून त्या 'अरे'वर आल्या.

"अरे, पुरणाचं पातेलं या सिंकमध्ये उभं राहणार की आडवं?"

"काकू, एवढं मोठं पातेलं वर्षातून किती वेळा काढता?"

"गौरी-गणपतीला काढते. होळीला काढते. कुलधर्माला काढते."

"म्हणजे चार-पाच दिवस. त्यासाठी तीन बाय चारची जागा कायमची अडवायची?"

"देवासमोर मी रोज दहा मिनिटं बसते. मग देवघरही काढून टाकतोस का?"

आर्किटेक्टने काकांकडे पाहिलं. काका मेजरिंग टेप ओढून सोडत होते, ओढून सोडत होते. मोरी आराखड्यात परत आली आणि ब्रेकफास्ट काउंटर गेला. तसंही त्या घरात सकाळचे पोहे सोफ्यावर पेपर वाचत खातात. उंच स्टुलावर लोंबकळत पोहे खाणारा निवृत्त माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माळ्याचंही तेच. आर्किटेक्टला फॉल्स सीलिंग आणि त्यात लपवलेले दिवे हवे होते, काकांना माळा. "माळ्यावर ठेवायचंय काय?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून काकांनी यादीच दिली: गणपतीचं मखर, आकाशकंदिलाचा सांगाडा, पाहुण्यांच्या गाद्या, मुलाची अकरावीची पुस्तकं आणि एका टीव्हीचं खोकं. टीव्ही कधीच विकला गेला होता, खोकं मजबूत म्हणून राहिलं होतं. मुलाच्या मुलीने नुकताच अकरावीला प्रवेश घेतलाय.

खांबाच्या प्रकरणात मात्र मी काकांच्या बाजूने बोलू शकत नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आरसीसीचा खांब आहे. "हा जरा नऊ इंच आत सरकवता येईल?" असं त्यांनी विचारलं. वर चार मजले आहेत, असं आर्किटेक्ट म्हणाला. "त्यांना सांगू ना आपण," काका म्हणाले.

काकू रात्री काकांना म्हणत, "पडद्याचा रंग फिका ठेवा, असं त्या मुलाला सांगा." काका सकाळी त्या मुलाला म्हणत, "हिचं ऐकू नका." एवढ्या वर्षांत जे वाद नवरा-बायकोने समोरासमोर कधी काढले नव्हते, ते सगळे आता आर्किटेक्टमार्फत निघू लागले. त्याला टक्केवारीत मिळत होतं ते याचंच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता बाथरूम, म्हणजे मूळ दुखणं. आर्किटेक्टला उंबरा नको होता. आतली आणि बाहेरची फरशी एका पातळीत, नजर अडकायला नको. बोलता बोलता तो ल कॉर्बुझिएवर गेला. चंडीगड वसवणारा, आणि पॅरिसजवळ प्वासीला व्हिला सॅव्हॉय बांधणारा. सपाट छत, आडव्या खिडक्या, १९३१ साली पुरं झालेलं घर, जगभरातले विद्यार्थी आजही बघायला जातात. काकांनी ऐकून घेतलं. पहाटे साडेपाचला आर्किटेक्टला व्हॉट्सअॅप आलं: ते घर गळत होतं! मालकीणबाईंनी १९३६-३७मध्ये तक्रारीची पत्रं लिहिली होती. आर्किटेक्टने नऊ वाजता उत्तर दिलं, की २०१६ साली तेच घर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. नऊ वाजून एक मिनिटाने काकांचा निरोप: "खालचे युनेस्को मानत नाहीत."

या पत्रव्यवहाराचा निकाल मिस्त्रीने लावला. त्याने ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं, ओळंबा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "साहेब, पाणी कागद बघत नाही, ढाळ बघतं." त्याने बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा खाली घेतली, न्हाणी ट्रॅपकडे ढाळ काढला, दारात ग्रॅनाइटची पट्टी बसवली. वॉटरप्रूफिंग झाल्यावर दार बंद करून आत पाणी तुंबवून ठेवलं. खालचे काका आपल्या घरात खुर्ची टाकून छताकडे बघत बसले. ओल आली नाही.

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. उजेडाच्या बाबतीत आर्किटेक्ट बरोबर होता. बाल्कनीची भिंत खाली घेऊन मोठी खिडकी केली, आता दुपारी चारपर्यंत दिवा लावावा लागत नाही. मोरीच्या बाबतीत काकू बरोबर, ढाळाच्या बाबतीत मिस्त्री. काका कशात बरोबर होते हे शोधावं लागेल, पण पैसे त्यांचे होते आणि ते त्यांनी वेळेवर दिले. ही गोष्ट आर्किटेक्टच्या धंद्यात दुर्मीळ आहे.

दिवाणखान्यात शेवटी व्हिट्रिफाइडच लागली. मोझॅक फक्त बाल्कनीत उरलं, तेही मिस्त्रीचा एक दिवस वाया गेला आणि तोडायचं राहून गेलं म्हणून. सगळे पाहुणे तेवढीच फरशी बघतात आणि "कुठून आणली?" असं विचारतात. काका म्हणतात, "आर्किटेक्टला पटवून ठेवायला लावली."

काम संपल्यावर आर्किटेक्ट कॅमेरा घेऊन आला. फोटोसाठी त्याने टीपॉयवरची औषधं, रिमोट, तपकिरी प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ आणि दारामागच्या टोप्या हलवायला सांगितल्या. काकूंनी हलवल्या. मग म्हणाला, "काका, जरा बाजूला होता?" काका झाले. फोटो सुंदर आलेत. त्यांत कुणी राहत नाही.

गेल्या महिन्यात भाच्याने फ्लॅटचं काम काढलं. आर्किटेक्ट कोण घ्यावा, असं त्याने विचारल्यावर काकांनी क्षणाचाही विचार न करता याच मुलाचा नंबर दिला. पहिल्या बैठकीला स्वतःही गेले. आलेख कागद सोबत होता.