पतन, मार्गे पेठ नाका

आमच्या मंडळीत पापावर बोलायला कुणीही उठतो. तारणाचं नाव काढलं की सगळ्यांचे घसे बसतात. मीही त्यातलाच. मिरजेच्या आत्याने उपवासकाळातल्या घरच्या प्रार्थनासभेत बोलायला बोलावलं, विषय दिला ‘पाप आणि तारण’. पापाची चार पानं एका बैठकीत झाली. तारणाचा मथळा झाला आणि खाली ‘उधळा पुत्र, लूक १५’ एवढंच.

समोर फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ होतं, १६१६ मध्ये छापलेलं. त्यात आदामाचं पतन आणि तारणाऱ्याची वाट पाहणं पहिल्या पुराणात उरकतं. ख्रिस्ताचं दुसरं पुराण त्याहून मोठं. इंग्लंडचा माणूस गोव्यात येऊन मराठी ओव्यांत तारणाला जास्त जागा देतो. आणि मी साताऱ्याचा! ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये इथेच ‘देवाचा दरबार’ मांडून बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही आत बसवलं. मला मात्र शेजाऱ्यांची पापंच सुचत होती.

माझी स्वतःची बाजू भक्कम होती, कारण उपवासकाळात मी कंदी पेढे सोडले होते. मोती चौकातून रोज जाणाऱ्यालाच यातलं हौतात्म्य कळेल. इतरांना कळावं म्हणून मी भेटेल त्याला सांगत होतो. उपवास गुपचूप करावा असं प्रभूने सांगितलंय खरं. ते वचन पुढच्या वर्षी पाळायचं ठरवलं होतं.

आत्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून अर्धा किलो पेढे घेतले. एसटीत खिडकी मिळाली, खोकं मांडीवर. उंब्रजपर्यंत पापाचं पहिलं पान वाचून झालं. मग नजर खोक्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथे तूप पाझरून कागद आरपार झाला होता आणि भाजलेल्या खव्याचा तपकिरी रवाळपणा दिसत होता. त्या कोपऱ्यातला पेढा चेपला होता. चेपलेला पेढा आत्यापुढे ठेवणं बरं दिसेल का? कराडला तो काढला. त्यामुळे शेजारचा सैल झाला. सैल पेढा बाकीच्यांना खराब करतो.

पेठ नाक्याला गुन्हेगार निश्चित झाले होते. दोरा सैल बांधणारा पोरगा, गतिरोधक न पाहणारा ड्रायव्हर, घरचा घट्ट झाकणाचा डबा न देणारी बायको. आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेने सापाकडे. एसटीत साप नव्हता, म्हणून मी कंडक्टरवर भागवलं.

बरं, सैतानाने येशूला गाठलं ते चाळीस दिवसांच्या उपासानंतर. मी निघताना पोहे खाल्ले होते. संत ऑगस्टीननेही पोरवयात भूक नसताना नासपती चोरल्या आणि पुढे त्यावर पानंच्या पानं लिहिली. पण त्याने निदान त्या डुकरांपुढे टाकल्या. माझ्याकडे तेवढीही परोपकारबुद्धी नव्हती.

आष्टा सोडताना खोक्याचा तळ दिसला. सांगली स्टँडवर भडंग घेऊन खोकं भरलं, वर उरलेले पेढे रचले, दोरा मात्र घट्ट बांधला.

मिरजेत बोललो, आणि काय बोललो! पाप झाकण्याच्या माणसाच्या खोडीवर आलो तेव्हा कोपऱ्यातल्या एका काकांनी डोळ्यांना रुमाल लावला. तारणावर येईतो वेळ संपली. आत्याने चहा आणला आणि सगळ्यांदेखत खोकं उघडलं.

आत्याची उभी हयात मिशन हॉस्पिटलात नर्स म्हणून गेलेली. तिने बोटाने भडंग बाजूला सारलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शर्टावर चिकटलेल्या खव्याकडे. अवाक्षर काढलं नाही. आत जाऊन पेढ्यांचे तुकडे केले, भडंगात कांदा-कोथिंबीर घातली आणि “पोराने दोन्ही गावांचं आणलंय बघा,” म्हणत बशा फिरवल्या. माझ्या बशीत एक अख्खा पेढा होता.

“आत्या, मी पेढे सोडलेत.”

“ठाऊक आहे. खा.”

मघाशी डोळे पुसणारे काका आपल्या बशीतल्या तुकड्याकडे बघत म्हणाले, “याला अख्खा कशाबद्दल?”