भुशाचं प्रमोशन

नोएडाची थंडी सातारच्या माणसाला कळायला दोन हिवाळे लागतात. पहिल्या हिवाळ्यात तो म्हणतो, ‘त्यात काय, आमच्याकडे महाबळेश्वर आहे.’ दुसऱ्या हिवाळ्यात तो कानटोपी घालून वरणभात जेवतो. तिसऱ्या हिवाळ्यात मी पेलेटची शेगडी आणली.

फूस भाच्याची. बोस्टनजवळच्या घरातून त्याने व्हिडिओ कॉलवर त्याचा पेलेट स्टोव्ह दाखवला. काचेआड ज्योत, आतला स्क्रू आपोआप पेलेट पुढे ढकलतो, धूर नळीतून घराबाहेर. ‘‘मामा, फक्त आठवड्याला राख काढायची, काच पुसायची आणि वर्षातून एकदा धुराडं साफ करायचं.’’ ‘फक्त’ म्हटलं की सावध व्हावं, हे मला या वयात कळायला हवं होतं.

मला परवडली ती त्या स्टोव्हची गरीब मावसबहीण. स्टीलचा डबा, तळाशी छोटा पंखा, आत भोकाभोकांची वाटी. धुराडं नाही. म्हणजे ती बंद खोलीत लावायची सोयच नाही. अंगीठी पेटवून दारं लावून झोपलेल्यांच्या बातम्या इथे दर हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तेव्हा शेगडी गेली गच्चीवर, आणि ऊब मिळावी म्हणून आम्ही रोज संध्याकाळी बऱ्यापैकी उबदार खोलीतून उठून गारठ्यात जाऊन बसू लागलो.

‘‘पेलेट म्हणजे काय हो?’’ हिने विचारलं.

‘‘लाकडाचा भुसा, भाताचं काड म्हणजे इथली पराली, उसाची चिपाडं दाबून केलेल्या कांड्या. आपल्याच जिल्ह्यात, दादरीच्या एनटीपीसी केंद्रात 2017 मध्ये कोळशात हेच मिसळून वीज केली. पराली शेतात जाळण्यापेक्षा बरं.’’

‘‘म्हणजे भुसाच ना?’’

‘‘भुसा नव्हे, पेलेट.’’

‘‘बरं. भुशाला प्रमोशन मिळालं म्हणा.’’

पहिलं पोतं लाकडाच्या भुशाचं होतं. राख चमचाभर. मी फुशारलो आणि दुसरं पोतं स्वस्तातलं, परालीचं आणलं. भाताच्या काडात सिलिका मुबलक, शिवाय पोटॅश. त्यामुळे राख तर ढीगभर होतेच, वर तापली की ती वितळते आणि निवली की तिचा खडा होतो. तो वाटीच्या बुडाला असा चिकटतो की दुधाच्या पातेल्याची खरवड आठवावी. ती निदान खाता तरी येते.

मग माझे रविवार राखेत जाऊ लागले. खड्याला उलथनं, कोपऱ्यांना जुना टूथब्रश आणि वाटीच्या भोकांना हिची विणायची सुई. भोकं बुजली की हवा जात नाही, हवा गेली नाही की धूर होतो. मी एकेक भोक कान कोरावा तसं कोरत बसे. एकदा सगळं लख्ख करून मी ऐटीत पंखा लावला. पंख्याच्या कप्प्यातही राख साठते, हे मला पुढच्याच क्षणी समजलं. ही चहा घेऊन वर आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘काशीला निघालात का?’’ मग जाता जाता, ‘‘तुमचा स्वेटर अर्धाच राहिलाय. सुई तुमच्या शेगडीत आहे.’’

जानेवारीत धुकं उतरलं आणि गच्चीवर उघडं राहिलेलं पोतं रात्रीतून फुगलं. सकाळी हात घातला, तर कांड्या गायब. आत निव्वळ ओलसर भुसा. प्रमोशन रद्द.

पण भुसा म्हटल्यावर आजी आठवली. तिची भुशाची शेगडी म्हणजे बुडाजवळ भोक पाडलेला पत्र्याचा डबा. मधोमध बाटली उभी करायची, भोकातून एक लाकूड आडवं सारायचं, भोवती भुसा ठासून भरायचा आणि बाटली-लाकूड अलगद काढून घ्यायचं. मधल्या पोकळीत ती तासन्‌तास धुमसायची. ना पंखा, ना सुई. साफसफाई म्हणजे डबा उलटा करून आपटणं! मी तेलाच्या डब्यात तोच प्रयोग केला. आजीचा भुसा कोरडा असे, एवढंच विसरलो.

धुराचा लोट उठला आणि गेटवरचा गार्ड धापा टाकत वर आला. ‘‘अंकल जी, ग्रॅप लगा हुआ है. आप ही ऐसा करोगे तो?’’ प्रदूषण वाढलं की दिल्ली परिसरात हे निर्बंध लागतात. गार्डांनी लाकडं पेटवू नयेत म्हणून सोसायट्यांनी त्यांना विजेचा हीटर द्यावा, हेही त्यातच येतं. मी मुकाट्याने डब्यात पाणी ओतलं.

हल्ली आम्ही दोघं संध्याकाळी ‘फिरायला’ गेटपर्यंत जातो. गार्ड स्टूल सरकवतो, हीटर आमच्याकडे वळवतो. ही माझा स्वेटर विणते; सुई घासूनपुसून परत केली आहे. हीटरची राख काढावी लागत नाही, हे ती रोज एकदा ऐकवते.

‘‘पण वीज दादरीची असेल,’’ मी म्हणतो, ‘‘तर त्यात थोडा भुसा असणारच.’’