फॉल्टकाका

प्रत्येक सोसायटीत एक फॉल्टकाका असतात. निवृत्त, बर्म्युडाधारी, खिशात टेस्टर. काहीही बंद पडलं की पहिले हजर. दुरुस्तीला नव्हे, बारशाला. बिघाडाचं नाव ठेवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

आपण ‘लाईट गेली’ म्हणून मोकळे होतो. काकांना हे अडाणीपण सहन होत नाही. एकट्या तुमच्याच घरची गेली तर ‘ट्रिप’, मीटरपाशी जळका वास आला तर ‘शॉर्ट’, अख्खी गल्ली अंधारात गेली तर ‘फॉल्ट’. आणि तो फॉल्ट कायम एमएसईबीचा! मंडळाचं विभाजन होऊन २००५ साली महावितरण आलं, याला काकांनी अजून मंजुरी दिलेली नाही.

ब्रेक फेल होतो, लोकलचा सिग्नल फेल होतो. पिक्चर मात्र फ्लॉप. “१९७० साली ‘मेरा नाम जोकर’ फ्लॉप झाला, फेल नाही. आज वाखाणतातच ना लोक?” चिरंजीवांचे बी.कॉम.चे दोन विषय राहिले तेव्हाही काका असेच ठाम. “नापास काय म्हणता? एटीकेटी! अलाऊड टु कीप टर्म्स. विद्यापीठानं परवानगी दिलीय त्याला.” दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचेही दोनच विषय राहिले होते. तो फेल.

एकदा मात्र पंचाईत झाली. तळमजल्यावरच्या आजोबांच्या फाइलवर डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं. म्हणजे हृदय अशक्त झालंय, रक्त हवं तसं पुढे ढकलत नाही. गोळ्या चुकवू नका, मीठ कमी करा. माणसं औषधांवर वर्षानुवर्षं काढतात. पण काकांच्या कोशात ‘हार्ट फेल’चा अर्थ एकच: माणूस गेला. त्यांनी तत्काळ सोसायटीच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकली. सर्वांत आधी अंगठा दिला तो आजोबांनी.

काका वरमले? छे! “माझं काही चुकलं नाही, जरा टेक्निकल प्रॉब्लेम झाला.” जगातल्या प्रत्येक अपयशासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, स्वतःच्या सगळ्या अपयशांसाठी मिळून हा एकच.

तेव्हा लाईट गेली तर काकांना हाक मारू नका. एमसीबीचा खटका एकदा वर करून बघा. पुन्हा पडला तर वायरमनला बोलवा.